ॲसिडच्या खड्ड्यातला निळा थर

ज्या माणसाविरुद्ध इंदूअक्का पंधरा वर्षे लढल्या, त्याच माणसाने त्या गेल्याचे मला फोनवर सांगितले. मंगळवार होता. सकाळी अकराला चौकशी अधिकाऱ्यांपुढे आमची तारीख होती आणि मी घरातून निघण्याच्या तयारीत होते. फोन आवाज बंद करून चार्जिंगला लावलेला. हातात घेतला तेव्हा इंदूअक्कांच्या भाचीचे, मेघाचे, तीन कॉल येऊन गेले होते आणि चौथा कॉल येत होता. तो मेघाचा नव्हता. "मॅडम, बॅड न्यूज आहे. इंदुमतीबाई गेल्या. पहाटे, झोपेतच. हार्ट." सुनावणीला येता येणार नाही म्हणून मेघाने कार्यालयाला कळवले होते, कार्यालयाने समोरच्या पक्षाला कळवले आणि समोरच्या पक्षाने मला. "फार वाईट झालं," ते म्हणाले. आणि मग, "आता अर्जदारच नाही म्हटल्यावर ते मॅटर क्लोजच होईल, नाही का?" मी म्हटले, मला माहीत नाही. फोन ठेवून घड्याळ पाहिले. दहाला दहा मिनिटे कमी होती. समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला मी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. रडणे नंतर झाले.

हे गृहस्थ बेंगळुरूबाहेर आनेकलजवळच्या एका कारखान्याचे व्यवस्थापक. तिथे लोखंडी नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढतो. इंदूअक्कांचा धाकटा भाऊ सुधाकर त्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या शेडमध्ये कामाला होता आणि तिथेच एका दुपारी विषारी वायूने गेला. चौकशी अहवालात त्याच्याबद्दल एक ओळ होती: सदर कामगाराने निष्काळजीपणे सायनाइडच्या टाकीत ॲसिड ओतल्याने वायू निर्माण झाला. इंदूअक्कांना ती ओळ खोडून हवी होती आणि तिच्या जागी खरे काय घडले ते लिहून हवे होते. कारखान्याविरुद्ध दुसरी कुठलीही मागणी त्यांच्या अर्जात नव्हती. ओळखीचे लोक हळू आवाजात म्हणत, बाई सुडाला पेटली आहे. हे कानावर आले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "सूडच आहे की," त्या मला म्हणाल्या. "त्याला दुसरं स्वल्प सभ्य नाव असलं तर सांग, तेही लावू."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. तेव्हा मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात शहर पानावर होते. सुधाकरच्या मृत्यूची बातमी माझ्या हातून गेली होती: एक कॉलम, चार परिच्छेद, कारखान्याच्या पत्रकावरून केलेली. कामगाराच्या चुकीने कामगाराचा मृत्यू. आठ-दहा दिवसांनी सुती साडी नेसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एक बाई कात्रण घेऊन कार्यालयात आल्या. कात्रण त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घातले होते. माझे आडनाव ऐकून त्या सरळ मराठीत बोलू लागल्या. मराठी निपाणीकडची होती. "हे तुम्ही लिहिलं?" मी हो म्हटले. "तिथं जाऊन बघितलं होतं?" मी म्हटले, नाही, पत्रक आले होते. मला वाटले, आता त्या आवाज चढवतील. त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर कात्रणाच्या शेजारी ठेवला. तो एका प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल होता. खाली त्यांचीच सही होती. "मी पण बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "आणि मी पण लिहिलं. बस की, दोघी मिळून बघू आता."

त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते मी नंतर अनेकांना सांगितले आहे, त्यामुळे क्रम पाठ आहे. नट-बोल्टांवरचा गंज काढायला ते आधी ॲसिडमध्ये बुडवतात. त्या ॲसिडात लोखंड उतरते. मग धुऊन सायनाइड असलेल्या मुलाम्याच्या टाकीत सोडतात. दोन्हीकडच्या धुण्याचे पाणी दोन वेगळ्या वाहिन्यांतून शेडमध्ये येते, एक ॲसिडच्या खड्ड्यात आणि एक सायनाइडच्या टाकीत. सायनाइडच्या पाण्यात क्षार घालून, मग ब्लीचिंगचे द्रावण घालून, काही तास ढवळत ठेवून ते निकामी करायचे आणि त्यानंतरच दोन्ही पाणी एकत्र येऊ द्यायचे. त्याआधी ती भेटली तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. "हवेपेक्षा किंचित हलका असतो," इंदूअक्का म्हणाल्या. "उघड्यावर असता तर वर उडून गेला असता. पण पत्र्याच्या शेडात, झाकलेल्या खड्ड्याच्या तोंडाशी वाकून उभ्या असलेल्या माणसाला... त्याला कुठं जायला वेळ?" सुधाकर खड्ड्याच्या तोंडाशी सापडला होता. ॲसिडच्या खड्ड्याच्या. चौकशी अहवाल म्हणत होता की त्याने सायनाइडच्या टाकीत ॲसिड ओतले. टाकी शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. हे अंतर अहवालात कुठेच नव्हते.

इंदूअक्कांच्या सहीचा कागद त्या चौकशी अहवालाला जोडलेला होता. त्या शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या आणि हा कारखाना त्यांच्या प्रयोगशाळेचा ग्राहक. दर महिन्याला कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा कॅन तपासणीला यायचा. तो सुधाकरच घेऊन यायचा, आनेकलहून, दोन बस बदलून. सायनाइडसाठी नमुना घेताना त्यात तिथल्या तिथे कॉस्टिक सोडा टाकावा लागतो. टाकला नाही तर सायनाइड वाटेतच वायू होऊन हळूहळू निघून जाते आणि प्रयोगशाळेत पोचते ते नुसते पाणी. सुधाकरच्या कॅनमध्ये कॉस्टिक नसायचा. शेडमध्ये तो ठेवायचाच नाही असा व्यवस्थापकांचा हुकूम होता. इंदूअक्कांना आल्या कॅनची आम्लता मोजताक्षणी हे कळत होते. नियमाप्रमाणे कॅन परत पाठवायला हवा होता. "परत ने रे म्हटलं असतं तर परत दोन बस," त्या म्हणाल्या. "तो आला की डबा उघडून बसायचा. अक्का, आज पोळी केलीस का, म्हणायचा. मी कॅन घेतला आणि त्याला जेवायला वाढलं. दर महिन्याला." अहवालात सायनाइडच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: आढळले नाही. कारखाना व्यवस्थित चालला होता याचा पुरावा म्हणून व्यवस्थापकांनी हाच कागद पुढे केला. धाकट्या भावाला दोषी ठरवणाऱ्या फाइलमध्ये थोरल्या बहिणीची सही होती, आणि पुढची पंधरा वर्षे त्यांनी ही गोष्ट कुणापासून लपवली नाही. अर्जाचा पहिला परिच्छेदच तो होता.

त्यानंतर त्यांनी कॉस्टिकशिवाय आलेला एकही कॅन घेतला नाही. ग्राहक तक्रार करत. मालक त्यांना समजावत. प्रयोगशाळेच्या खिडकीशी ड्रायव्हर लोक हुज्जत घालत. "मॅडम, एक सल अडजस्ट माडी," एक जण म्हणाला होता, या वेळी एवढे सांभाळून घ्या म्हणून. त्यांनी कॅनचे झाकण उघडून त्याच्या नाकाजवळ नेले. "तू सांभाळून घे आधी," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. तो दोन पावले मागे सरला आणि कॅन उचलून गेला. निवृत्तीपर्यंत त्यांची बढती झाली नाही. त्याचे त्यांना काही वाटले, असे मला दिसले नाही. त्यांचे सगळे वाटणे एकाच ठिकाणी जमा झाले होते.

व्यवस्थापक मूळचे पुण्याचे. या शहरात मराठी माणसे ज्या मंडळात जमतात, तिथे तेही यायचे, सपत्नीक. त्यामुळे वर्षातून चार-दोन वेळा दोन्ही पक्ष एकाच हॉलमध्ये, एकाच वासाच्या अगरबत्तीत उभे असायचे. मंडळाच्या अध्यक्षांनी इंदूअक्कांना बाजूला घेऊन सांगितले होते, आपण इथे मूठभर लोक, कशाला ते मनात ठेवायचे. एका संक्रांतीला व्यवस्थापकांच्या पत्नी तिळगुळाचे ताट घेऊन त्यांच्यासमोर आल्या. इंदूअक्कांनी वडी घेतली. पर्समधून कागद काढला, वडी त्यात गुंडाळली, वर पेनने तारीख, वेळ आणि देणाऱ्याचे नाव लिहिले आणि पुडी पर्समध्ये टाकली. "हे काय हो?" त्या बाईंनी विचारले. "नमुना घेतला," इंदूअक्का म्हणाल्या. "ग्राहकानं आणून दिलेला आहे. तपासल्याशिवाय गोड म्हणता येणार नाही." कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. परतताना ऑटोत मी म्हटले, त्या बाईंचा काय दोष? "दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण ती घरी गेल्यावर नवऱ्याला सांगेल ना. तेवढंच पाहिजे होतं."

मेघा या सगळ्यात उशिरा आली. सुधाकर गेला तेव्हा ती चौथीत होती. आई तिला घेऊन निपाणीला माहेरी गेली आणि तिथल्या शाळेत मुलीला कळले की तिचे वडील स्वतःच्या चुकीने मेले. कुणी मुद्दाम छळले असे नाही. वर्गात ॲसिडचा धडा आला की मागच्या बाकावरून एखादा म्हणायचा, हिच्या बापाला विचारा. ती नोकरीसाठी बेंगळुरूला आली, कोरमंगलाच्या एका पीजीत राहू लागली, रविवारी बनशंकरीला आत्याकडे जेवायला येऊ लागली. तिला आत्याचा लढा आवडत नव्हता. एकदा माझ्यासमोर ती म्हणाली, "आत्या, सोड ना आता. बाबा गेले. मी मूव्ह ऑन झालेय, तू पण हो." इंदूअक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "तुझा बाबा कसा गेला सांग." मेघा म्हणाली, "ॲक्सिडेंट." "कुणाच्या हातून?" मेघा पाण्याचा ग्लास भरू लागली. तव्यावरची भाकरी उलटून इंदूअक्का म्हणाल्या, "बघ. तू पण तेच मानतेस. त्यांनी तुझ्या डोक्यात पण ती ओळ लिहून ठेवली आहे. तिथून पण मला खोडायची आहे." त्या रविवारी मेघा न जेवता गेली. पुढच्या रविवारी आली तेव्हा तिने अर्जाची फाइल मागून घेतली.

फेरचौकशीचा अर्ज मान्य व्हायला बारा-तेरा वर्षे गेली. मी त्यांतली प्रत्येक तारीख लिहून ठेवली आहे, पण वाचकांना त्याचा उपयोग नाही. दोन वर्षांपूर्वी जागेची पाहणी करण्याचा आदेश निघाला. ॲसिडचा तो जुना खड्डा अपघातानंतर वापरातून काढून वर पत्रा ठोकला होता. पत्रा काढला. खाली उतरायला शिडी लावली. खड्डा कोरडा होता आणि भिंतींना चुना फासलेला होता. व्यवस्थापक म्हणाले, बघा, स्वच्छ आहे. तळाशी इंदूअक्का, अधिकारी आणि ते असे तिघेच मावत होते. मी वरून वाकून पाहत होते. इंदूअक्कांनी पिशवीतून ड्रॉपर आणि सौम्य ॲसिडची बाटली काढली आणि अधिकाऱ्यांना त्या काय करणार आहेत ते सांगितले. लोखंड उतरलेल्या ॲसिडात सायनाइड येऊन पडले तर सगळेच वायू होऊन जात नाही. थोडे लोखंडाला धरून बसते आणि त्याचा निळा रंग होतो. हा रंग पाण्याने जात नाही, उन्हाने जात नाही. चुना फासला तर मात्र मरतो, तपकिरी पडतो, दिसेनासा होतो. "पण निघून जात नाही," त्या म्हणाल्या. "चुन्याच्या आत तिथंच बसलेला असतो. ॲसिड मिळालं की परत येतो."

त्यांनी भिंतीवर एक थेंब सोडला. फेस आला आणि विरला. दुसरा सोडला, तिसरा सोडला. काही नाही. व्यवस्थापकांनी वर माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. "चुना खातोय," इंदूअक्का म्हणाल्या. "खाऊ दे. किती खाईल." पाच-सहा थेंबांनंतर फेस यायचा थांबला आणि त्या जागी नखाएवढा डाग उमटला. आधी राखाडी वाटला. मग निळा. मग इतका निळा की वरून मला शिडी, माणसे, भिंत काही दिसेना, तेवढेच दिसत होते. मग व्यवस्थापक म्हणाले, "निळा रंग काय, कशाचाही असेल. शाईचा असेल." इंदूअक्कांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साहेब, अहवाल म्हणतो ॲसिड सायनाइडकडं गेलं. हा ॲसिडचा खड्डा आहे. इथं निळं आहे म्हणजे सायनाइड इकडं आलं. बादलीनं येत नाही एवढं. पाइपनं आलं." वर्षानुवर्षे घोटत बसलेले वाक्य होते ते, पण त्यांनी ते बाजारात भाव सांगावा तसे सांगितले. सायनाइड निकामी करायला लागणारे तास वाचवण्यासाठी, मालाची घाई असली की टाकीतून खड्ड्यात होजपाइप सोडत. सुधाकर गेल्यावर तो होज काढून टाकला गेला. हे त्यांना एका जुन्या कामगाराने खूप आधी सांगितले होते. तो लिहून द्यायला तयार नव्हता.

त्या दिवशी भिंतीतून आणि तळावरच्या कडक झालेल्या गाळातून गोल तुकडे कापून काढले आणि त्यांचे तीन भाग केले: एक खात्याला, एक कारखान्याला, एक अर्जदाराला. प्रत्येक भाग पत्र्याच्या डब्यात, वर कापड, कापडावर लाखेची मोहोर, आणि चिठ्ठीवर तिघांच्या सह्या. वर्षभरात खात्याचा डबा गोदाम हलवताना गहाळ झाला. कारखान्याच्या डब्याला म्हणे ओल लागली. उरला इंदूअक्कांचा. तो त्यांनी बनशंकरीच्या घरातल्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटात ठेवला आणि त्या खोलीच्या दाराला दोरीने एक वही बांधली. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या खोलीला असते तशी. पाच रकाने: नाव, वेळ, येण्याचे कारण, सीलची स्थिती, सही. जो आत जाईल त्याने कपाटाच्या काचेतून डबा पाहायचा आणि वही भरायची. मोलकरीण अंगठा देत असे. मी पंखा पुसायला स्टूल घेऊन गेले तरी मला लिहावे लागे. त्या स्वतः दिवसातून दोनदा लिहीत, सकाळी आणि संध्याकाळी. कारण: पाहणी. मला तो अतिरेक वाटायचा आणि मी तसे बोलूनही दाखवले होते. "सरी," म्हणजे बरं, त्या म्हणाल्या, "अतिरेक. सही कर."

त्या गेल्या त्या सकाळी मी पोचले तेव्हा मेघाने पहिली गोष्ट कुठली केली होती, ते सांगायला हवे. सुनावणीसाठी ती आदल्या रात्रीच बनशंकरीला मुक्कामाला आली होती. डॉक्टर येण्याआधी, शेजाऱ्यांना बोलावण्याआधी, तिने मागच्या खोलीत जाऊन वहीत लिहिले होते: सकाळी सहा पाच. कारण: ताबा घेतला. सील ठीक. खाली तिची सही. त्याच आठवड्यात तिने मृत अर्जदाराच्या जागी स्वतःचे नाव लावण्याचा अर्ज दिला.

तेराव्या दिवशी भेटायला येणाऱ्यांसाठी फोटो बाहेरच्या खोलीत ठेवावा, असे मी सुचवले होते. मेघाने तो मागच्या खोलीत, कपाटाच्या शेजारी ठेवला. मी का म्हणून विचारले नाही. मंडळाचे लोक आले, प्रयोगशाळेतले दोघे आले, गुरुजी आले. प्रत्येकाला तिने दाराशी वही दिली आणि प्रत्येकाने, थोडे गोंधळून का होईना, ती भरली. बाराच्या सुमारास व्यवस्थापक आले, मंडळाच्या अध्यक्षांबरोबर, हातात मोगऱ्याचा हार. मेघाने त्यांना पाणी दिले आणि मग पेन दिले. "काका, आत्याचा नियम होता." ते हसले. "शेवटपर्यंत लॅबच चालवली बाईंनी." तीस वर्षे ते कारखान्यात आहेत. गेटवर वही, स्टोअरला वही, बॉयलरला वही. समोर रकाने आखलेले पान आले की त्यांचा हात चालू लागतो, हे मी त्या दिवशी पाहिले. नाव लिहिले, वेळ लिहिली, कारण लिहिले. चौथ्या रकान्याशी थांबले. मग कपाटाजवळ जाऊन, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि डब्याची मोहोर बारकाईने, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने पाहिली. कुठे चीर गेली आहे का, ते शोधत होते. नव्हती. चिठ्ठीवर त्यांची स्वतःचीही सही होती. ते परत दाराशी आले आणि जे पाहिले ते लिहिले.

हार घालून झाल्यावर ते मेघाला म्हणाले, "बेटा, हुशार होत्या तुझ्या आत्या. पण आयुष्य घालवलं याच्यात. तू नको घालवूस. बाबा काही परत येणार नाहीत." मेघा त्यांच्याहून वीतभर बुटकी आहे. ती म्हणाली, "बाबांना कुठे परत बोलावतोय, काका. तुम्हाला बोलावतोय. पुढच्या मंगळवारी, अकरा वाजता." अध्यक्षांनी खोकून चहाचे विचारले. चहा झाला नाही.

मंगळवारी कारखान्याच्या वकिलांनी एकच मुद्दा घेतला आणि तो चांगला होता. अर्जदार एकटी राहत होती. तिच्या मृत्यूनंतर घरात अनेक लोकांची ये-जा झाली. नमुना कुणाच्या ताब्यात होता, मोहोर खरी की नंतर लावलेली, हे सिद्ध होत नाही. सबब नमुना ग्राह्य धरू नये. मेघा ऑफिसातून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र. तिने पिशवीतून वही काढली, दोरीसकट, आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवून एका ओळीवर बोट ठेवले. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग वही व्यवस्थापकांकडे वळवून कन्नडमध्ये विचारले, ही सही तुमची का. व्यवस्थापकांनी वकिलांकडे पाहिले. वकील वहीकडे पाहत होते. "हौदु सर," ते म्हणाले. होय. तीस वर्षांत त्यांनी इतके कमी शब्द कधी वापरले नसतील. मला त्या क्षणी आनंद झाला आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मोहोर सगळ्यांसमोर फोडली. गाळाचा तुकडा मधोमध कापला. ड्रॉपर काढावाच लागला नाही. वर चुन्याखाली मेलेला तपकिरी पापुद्रा होता, आणि त्याच्या खाली, जिथे चुना पोचला नव्हता तिथे, गंजाच्या रंगात निळ्या रेघा, एकीखाली एक, झाडाच्या खोडात असतात तशा. मी सातपर्यंत मोजल्या, त्यापुढे त्या बारीक होत गेल्या. एका दुपारच्या चुकीने एक रेघ पडली असती. अधिकाऱ्यांनी व्यवस्थापकांना विचारले, ह्या बाकीच्या कुठून आल्या. त्यांनी मेंटेनन्सवाल्यांचे नाव घेतले. मग ठेकेदाराचे. मग आठवत नाही म्हणाले... हे सगळे नोंदले गेले आहे.

गेल्या आठवड्यात आदेशाची प्रत मिळाली. जुनी ओळ काढली आहे. तिच्या जागी लिहिले आहे की सायनाइडचे पाणी ॲसिडच्या खड्ड्यात सोडण्याची पद्धत कारखान्यात वारंवार चालू होती, ती व्यवस्थापनाला माहीत होती आणि मृत कामगाराची कोणतीही चूक आढळत नाही. फाइल खटल्यासाठी पुढे पाठवली आहे. आदेशात इंदूअक्कांच्या सहीच्या त्या मासिक अहवालांबद्दलही एक परिच्छेद आहे, कडक आहे, आणि तो त्यांनी स्वतः मागितला होता. मी माझ्या जुन्या दैनिकाला प्रत पाठवली. त्यांनी दुरुस्ती छापली, एक कॉलम, चार परिच्छेद. मेघाने ती निपाणीच्या तिच्या शाळेत पाठवली, मुख्याध्यापकांच्या नावे, पोचपावतीसह.

रविवारी मी बनशंकरीला गेले होते. मेघा पीजी सोडून तिथेच राहायला आली आहे. मागच्या खोलीतले कपाट रिकामे आहे, डबा चौकशी कार्यालयात जमा आहे. वहीच्या पानांची नक्कल करून घेऊन मूळ वही त्यांनी परत दिली आणि मेघाने ती पुन्हा दाराला बांधली. आत जायला अजून सही लागते. सीलच्या रकान्यात आता रेघ मारायची. मी पेन उचलले, पाने मागे चाळली. दोन वर्षांच्या सकाळ-संध्याकाळच्या ओळी, एकाच निळसर-काळ्या शाईत, एकाच अक्षरात: पाहणी, पाहणी, पाहणी. ताप होता त्या दिवसांतही. मी ज्या दिवशी अतिरेक म्हणाले होते, त्याही दिवशी.

हा मजकूर आधी वाचलेल्या पुरवणीच्या संपादकांनी विचारले की त्या व्यवस्थापकांचे नाव लेखात का नाही. मला ते लिहायची गरज वाटत नाही. ते त्यांनी स्वतः लिहिले आहे, बनशंकरीच्या त्या दाराशी, इंदूअक्कांनी आखलेल्या रकान्यात, वळणदार अक्षरात. पूर्ण नाव. वेळ बारा वाजून दहा मिनिटे. कारण: श्रद्धांजली. सील ठीक. सही.